घर कुणाच्या भरवशावर सोडायचं?

"आयर्विनला किती झालं?"

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत दोन माणसं भेटली, की आधी हा प्रश्न येतो. १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. गावभागातल्या शाळकरी पोरांनाही हे आकडे पाठ असतात. किती फुटांना पाणी कोणत्या गल्लीच्या तोंडाशी येतं, तेही ठाऊक असतं. चाळिशी गाठण्याच्या आधीच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा नदीकाठच्या वस्त्यांत सामान माडीवर चढायला लागतं. कोल्हापुरात हेच काम राजाराम बंधारा करतो. तिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'घर' हा विषय दिला. पुराच्या बातम्यांत आपण बोटी बघतो, हेलिकॉप्टर बघतो, पाठीवर आजीला घेतलेला जवान बघतो. माणसं बाहेर काढून झाली, की कॅमेरा त्यांच्याबरोबर छावणीत जातो. मागे उरलेल्या घराचं काय होतं, त्याची राखण कोण करतं, हे फारसं कुठे येत नाही. तेच बघायला मी कृष्णा-पंचगंगेच्या काठाने सांगली, शिरोळ तालुका आणि कोल्हापूर असा फिरलो. पूर ओसरून वर्षं झाली, तरी लोक त्याबद्दल कालच्यासारखं बोलतात. आणि बोलणं कुठूनही सुरू झालं, तरी शेवटी एकाच वाक्यावर येतं : "निघायचं ते निघू हो, पण घर कुणाच्या भरवशावर सोडायचं?"

वेळेत बाहेर न पडणाऱ्या माणसाला आपण सहज हट्टी म्हणून मोकळे होतो. मला भेटलेल्यांपैकी जवळपास प्रत्येकाच्या उशिरामागे काहीतरी राखायचं होतं. कुणाचा गोठा, कुणाचं नुकतं भरलेलं किराणा दुकान, कुणाच्या मुलीच्या लग्नासाठी घेतलेली भांडी. त्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर न देता नुसता भोंगा फिरवला, तर तो पुढच्या पुरातही वेळेत निघणार नाही.

२००५ची खूण

या पट्ट्यात जुन्या भिंतींवर पुराची खूण असते. कुणी ऑइलपेंटने रेघ मारून साल लिहिलेलं असतं, कुणी खिळा ठोकलेला असतो. २००५ साली आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. ते पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांनी ती रेघ म्हणजे पुराची कमाल मानली. रेघेच्या वर सामान ठेवलं, की झालं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये याच रेघेने घात केला. पहिल्या आठवड्यात पाणी चढत होतं आणि शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी घरांत लोक रेघेकडे बघत बसले होते. धान्याची पोती रेघेच्या हातभर वर रचली, फ्रिज टेबलावर चढवला, जनावरं गावातल्या उंच जागेवर बांधली. पाणी रेघेला लागलं आणि थांबलं नाही. आयर्विनला ते ५७ फुटांच्या वर गेलं. राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढे. रेघेवर विसंबलेल्यांना बाहेर पडायची वेळ आली, तोवर गावाबाहेरचा रस्ता कधीच बुडाला होता.

इथलं पाणी कसं चढतं, हे समजून घेतल्याशिवाय हा उशीर समजत नाही. डोंगरी मुलखात लोंढा येतो आणि काही तासांत निघून जातो. इथे पाणी फुगत येतं. कोयना कराडला कृष्णेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला, पंचगंगा नृसिंहवाडीला. कृष्णाच तुडुंब भरलेली असली, की पंचगंगेच्या पाण्याला आत शिरायला वाव राहत नाही. ते मागे रेटलं जातं आणि काठच्या शिवारांत पसरतं. लोक याला फुगवटा म्हणतात. त्यात १०५ टीएमसीचं कोयना धरण भरत आलं, की विसर्ग वाढवावा लागतो. राधानगरीचे सात दरवाजे तर स्वयंचलित आहेत. धरण भरलं, की आपोआप उघडतात. खाली कर्नाटकात अलमट्टी. तिथल्या पाण्याचा इथल्या पुराशी किती संबंध, यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. २०१९नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही त्याचा अभ्यास केला, तरी पारावरचा वाद मिटलेला नाही.

घर राखण्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की पाणी हळूहळू चढतं आणि हळूहळू उतरतं. हळूहळू चढतं म्हणून माणूस "अजून बघू" म्हणतो. हळूहळू उतरतं म्हणून घर दिवसेंदिवस पाण्यात, अंधारात आणि बेवारस राहतं. शिवाय शहरात पाणी समोरून येतंच असं नाही. सांगलीत शेरीनाला आणि कोल्हापुरात जयंती नाला उलटे वाहू लागतात. नदी अजून दूर आहे म्हणून निर्धास्त असलेल्याच्या मोरीतून पाणी वर येतं.

२०२१च्या जुलैत पंचगंगा पुन्हा ५५ फुटांच्या पुढे गेली. या वेळी लोक लवकर निघाले. जनावरं आधी हलवली गेली. २०१९ची नवी रेघ सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. पण माडीवर एक माणूस मागे ठेवायची रीत मात्र तेव्हाही पुष्कळ घरांनी सोडली नाही.

माडीवरचा माणूस

रीत अशी. बायका, मुलं, म्हातारी माणसं पहिल्या ट्रॅक्टरने बाहेर पडतात. जनावरं दुसऱ्या खेपेला. घरातला एक कर्ता पुरुष किंवा तरणा मुलगा माडीवर थांबतो. त्याच्याजवळ चुरमुरे, शेंगदाणे, भाकरीचं गाठोडं, पिण्याच्या पाण्याची कळशी, बॅटरी आणि एक काठी. शेजारच्या माडीवर दुसरा. रात्री ते एकमेकांना हाका मारतात. हाकेला उत्तर आलं, की बरं वाटतं.

शिरोळ तालुक्यातल्या एका गावात असा थांबलेला एक तरुण भेटला. तो कॉलेजात शिकत होता तेव्हाची गोष्ट. वडिलांना दम्याचा त्रास, म्हणून तो राहिला. "पाण्याची भीती नव्हती वाटत," तो म्हणाला. "रात्री इंजिनाचा आवाज आला, की छातीत धडधडायचं. बोट आपल्याला न्यायला आली, की घर धुवायला, कसं कळणार?" वीज गेलेली, मोबाइल बंद पडलेला, खाली काळं पाणी. तिसऱ्या रात्री जिना बुडाला आणि भिंतीतून माती सुटल्याचा आवाज येऊ लागला. सकाळी गूळ करायच्या काहिलीत बसून शेजारचे काका त्याला न्यायला आले. ते घर त्या आठवड्यात एका बाजूने बसलं. तो आत असता तर काय, हा प्रश्न मी विचारला नाही. त्याच्या आईंनी तो स्वतःच काढला आणि लगेच चहा ठेवायला उठून गेल्या.

चोरीची भीती कल्पनेतली नाही. पुरानंतर पोलीस ठाण्यांत तक्रारी येतात. कुलूप तोडून कपाट फोडलेलं, मोटार उचलून नेलेली, तांब्या-पितळेची भांडी गेलेली. पण माझ्याशी बोललेल्या एका निवृत्त पोलीस पाटलांचं निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या मते चोरीला सर्वांत सोपा वेळ पाणी उतरतानाचा असतो. गुडघाभर पाणी आणि चिखल असतो, मालक अजून छावणीत असतो, बचाव पथकं निघून गेलेली असतात आणि रस्त्यावर अनोळखी माणसांची ये-जा सुरू झालेली असते. मदतीची गाडी आहे म्हटल्यावर कुणी कुणाला अडवत नाही. म्हणजे माडीवरचा माणूस जिवावर उदार होऊन राखण करतो ती पुराच्या भर वेळी, आणि खरी गरज असते ती त्यानंतरच्या दिवसांत.

मागे राहणाऱ्यांचा धोका त्यांच्यापुरता राहत नाही. शेवटच्या क्षणी सगळेच निघू लागले, की बोटीवर गर्दी होते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. त्या गावाचं नाव आजही या पट्ट्यात हलक्या आवाजात घेतात. कुणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. लवकर निघायला मन तयार नसणं आणि शेवटी एका बोटीत जास्त माणसं बसणं, या दोन गोष्टींमधली गाठ दिसावी म्हणून लिहितो.

चिपळूणची एक घटना इथे सांगायलाच हवी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं, तेव्हा एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. त्यांचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. तरी त्या माणसाला रोकड आणि जीव यांच्यात असं तोलत बसायची वेळ का यावी, हे मला आजही टोचतं. कोकणातल्या पुराला कृष्णाकाठची सवड नसते. चिपळूणला रात्रीतून पाणी आलं. तिथे राखणीची तयारी पाऊस सुरू होण्याआधीच झालेली हवी.

घर बंद करायची रीत

कुरुंदवाडजवळच्या एका घरात मला एक काकू भेटल्या. पूर आला की घर कसं आवरायचं, हे त्यांनी मला खोलीखोलीतून फिरवून दाखवलं. २०१९ला त्यांचं सगळं गेलं होतं. २०२१ला त्यांनी जे केलं, त्यातलं बरंचसं वाचलं. त्यांच्यामागून फिरताना मी वहीत लिहीत गेलो.

सुरुवात कागदांपासून. फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, त्यात आधी सगळे कागद असत. आता जाड प्लॅस्टिकची, तोंड दाबून बंद होणारी पाकिटं आहेत आणि ती सगळी एका शाळेच्या दप्तरात. सातबारा आणि आठ-अ, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, विम्याचे कागद, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर. दप्तर मे महिन्यातच भरून खुंटीला टांगलेलं असतं. "निघताना शोधत बसायचं न्हाई. खुंटीवरनं काढायचं, पाठीला लावायचं." मुलाने सगळ्या कागदांचे फोटो काढून डिजिलॉकरमध्ये आणि मुंबईच्या बहिणीच्या फोनवर ठेवले आहेत. लॅमिनेट केलेले दाखले मात्र २०१९ला वाया गेले. कडेने पाणी शिरलं आणि आतल्या आत कागद कुजला.

मग स्वयंपाकघर. भरलेली गॅसची टाकीसुद्धा पाण्यावर तरंगते, हे पुष्कळांना माहीत नसतं. रेग्युलेटर बंद करून काढायचा, टाकीच्या तोंडावर टोपी बसवायची आणि टाकी खिडकीच्या गजाला दोरीने आवळून बांधायची. नाही तर ती पाण्याबरोबर भिंतींवर आपटत फिरते. फ्रिजही तरंगतो. २०१९ला त्यांचा फ्रिज तरंगून आडवा झाला आणि पाणी उतरल्यावर दारामागे पडून राहिला. दार आतून अडलं. घरात शिरायला खिडकीचे गज कापावे लागले. आता तो भिंतीतल्या कडीला बांधतात.

विजेचं तर त्यांनी दोनदा बजावलं. मेन स्विच पाणी शिरायच्या आधी बंद करायचा. पाण्यात उभं राहून किंवा ओल्या हातांनी बोर्डाकडे जायचंच नाही. तशी वेळ आली असेल, तर महावितरणला कळवून खांबावरून वीज तोडून घ्यायची. आणि इन्व्हर्टर. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची वीज घरात खेळत असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तो वेगळा बंद करून बॅटरीची जोडणी कोरड्या हातांनी सोडवून घ्यावी लागते. हे काम दरवर्षी त्यांचा भाचा करतो. तो वायरमन आहे.

मोरीच्या आणि संडासाच्या तोंडावर वाळूची पोती. पाणी आलंच तर थांबत नाही, पण गटारातली घाण आणि त्यातून येणारे साप, किरडं जरा अडतात. धान्य पत्र्याच्या कणगीत काठोकाठ भरून ठेवलं आणि आत पाणी शिरलं, तर दाणा फुगून पत्रा फाटतो. म्हणून आता अर्धं धान्य उंचावरच्या वस्तीतल्या जावेकडे असतं. लोखंडी कपाटाचंही तसंच. आत कपडे भिजून फुगले, की दार उघडत नाही. त्यांनी कपाटातले कपडे काढून माळ्यावर टाकले आणि कपाट उघडंच ठेवलं. "बंद कपाट बघितलं की चोराला वाटतं आत काय तरी हाय." हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

सोनं पावसाळ्याआधीच बँकेच्या लॉकरमध्ये. अंगावर फक्त डोरलं. २०१९ला त्या सगळे दागिने कमरेला बांधून छावणीत गेल्या होत्या आणि किती रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. घराइतकीच राखण छावणीतही करावी लागते, हे त्यांच्याकडून ऐकेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शाळेच्या वर्गात पंधरा कुटुंबं, एकच दार आणि प्रत्येकाच्या उशाखाली त्याचं सगळं किडूकमिडूक.

शेवटी गोठा. जनावरं हलवता आली तर उत्तमच. अगदीच न जमलं तर दावं सोडायचं. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं, सोडलेलं पोहून कुठे तरी लागतं. हे सांगताना काकू थांबल्या. २०१९ला त्यांच्या दोन म्हशी दाव्याला होत्या.

मग कुलूप. कडी-कोयंड्याला आणि कुलपाला तेल देऊन ठेवायचं, नाही तर गंजून चावी फिरत नाही. एक चावी स्वतःजवळ, एक उंचावरच्या वस्तीतल्या जावेकडे.

दारावर लिहायचं की नाही

घर रिकामं केल्यावर दारावर खडूने "घरात कोणी नाही" असं लिहावं, असं बचाव पथकांना वाटतं. त्यांचं बरोबर आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळच्या तळावरून येते. त्या जवानांना गावातली घरं माहीत नसतात. खडूची ओळ असली, तर त्या दाराशी बोटीचा वेळ जात नाही आणि तो वेळ कुणाच्या तरी जिवाला उपयोगी पडतो. पण तीच ओळ चोरही वाचतो.

या पेचावर मला एका गावात उत्तर सापडलं. तिथे दारावर काही लिहीत नाहीत. पोलीस पाटलांकडे एक वही असते. १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमापासून गावच्या शांततेची जबाबदारी पोलीस पाटलांवर आहेच, पुरात ती वहीच्या रूपाने दिसते. गल्लीनुसार घरं, प्रत्येक घरातली माणसं, त्यातलं कोण अंथरुणाला खिळलेलं, कोण गरोदर, कोण कुठे गेलं, चावी कुणाकडे. बोट आली, की वही घेऊन पाटील किंवा गावातला एखादा तरुण बोटीत बसतो. पथकाला हवी ती माहिती मिळते आणि ती गावाबाहेर जात नाही.

व्हॉट्सअॅपवर मात्र हे भान सुटतं. "आम्ही सर्वजण सुखरूप बाहेर पडलो, घर पूर्ण पाण्यात" असा फोटोसह स्टेटस ठेवला, की आपण घर रिकामं असल्याची जाहिरात करतो. नातेवाइकांना फोन करावा, स्टेटस ठेवू नये. धरण फुटल्याची अफवा हा आणखी एक प्रकार. अशा अफवेने गावच्या गाव रात्रीत रिकामं होतं आणि घरं उघडी राहतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५च्या कलम ५४ नुसार खोटा इशारा पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. विसर्गाचे आकडे पाटबंधारे खात्याकडून येतात आणि जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर विचारता येतात. मेसेज पुढे पाठवण्याआधी तो एक फोन करायला हवा.

पाणी उतरल्यावर

घराकडे परतायची घाई समजते. तरी पहिल्यांदा आत पाऊल टाकण्याआधी बाहेरूनच घर पाहावं. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात असेपर्यंत उभ्या राहतात आणि पाणी उतरून सुकायला लागल्या, की बसतात. कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या घरांत हे वारंवार घडलं आहे. भिंतीला फुगवटा, तुळईला कल दिसला, तर आत जायचं नाही. लाकडी दारं फुगून अडकतात, ती जोराने ढकलून भिंत हलवायची नाही. काठीने चिखल चाचपत जायचं. घोणस, मण्यार, नाग कोरड्या जागेच्या शोधात फळीवर, चुलीत, गाद्यांच्या ढिगात येऊन बसलेले असतात. गॅसचा वास आला, तर दिवा, काडी, बटण काही नको. आधी दारंखिडक्या उघडायच्या आणि १९०६ला फोन करायचा. वायरमनने बघितल्याशिवाय मेन चालू करायचा नाही.

चिखल काढायच्या आधी फोटो. हे सगळ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. आपल्या बायकांना चिखल बघवत नाही, त्या लगेच झाडू हातात घेतात आणि पुरावा धुऊन निघतो. भिंतीवरची पाण्याची रेघ, फुगलेलं कपाट, कुजलेलं धान्य, तुटलेलं कुलूप, सगळ्याचे तारीख दिसणारे फोटो काढावेत. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतात, तेव्हा ते दाखवता येतात. २०१९ला सरकारने ग्रामीण भागात कुटुंबामागे १० हजार आणि शहरात १५ हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान दिलं होतं. भांड्याकुंड्यांनाही ते पुरत नाही, पण तेवढ्यासाठीही नोंद लागतेच. चोरी झाली असेल, तर तिची फिर्याद पोलीस ठाण्यात वेगळी द्यायला हवी. पंचनाम्यात "पुरात वाहून गेलं" असं लिहिलं, की चोरीचा विषय तिथेच संपतो.

विम्याबद्दल गावांत जवळजवळ कुणी बोललं नाही, शहरातही थोड्यांनीच. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी द्यावीच लागते. पुराने झालेलं नुकसान तिच्यात येतंच, शिवाय पुरासारख्या घटनेमुळे त्यानंतरच्या सात दिवसांत झालेली चोरीही येते. पाणी उतरतानाचे जे दिवस निवृत्त पोलीस पाटलांनी सांगितले, त्यांतले बहुतेक या मुदतीत बसतात. पूररेषेच्या आत ज्यांची घरं आहेत, त्यांनी तरी ही पॉलिसी काढावी.

राखण कुणाची

बाहेर पडा, असं सांगायला यंत्रणा आहे. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यांच्या आदेशाने स्थलांतर होतं. ग्रामसुरक्षा यंत्रणेवरून एका फोनसरशी साऱ्या गावाला निरोप जातो. कोल्हापूरच्या व्हाइट आर्मीसारख्या स्वयंसेवी संस्था आणि प्रशिक्षण घेतलेले आपदा मित्र पाण्यात उतरतात. या सगळ्यांनी किती जीव वाचवले, हे इथल्या घराघरांत ऐकायला मिळतं. घर राखायला मात्र पोलीस गस्तीच्या बोटी बहुतेक वेळा चोरीच्या तक्रारी आल्यावर फिरू लागतात.

माझं स्पष्ट मत असं, की गस्त स्थलांतराच्या आधी सुरू व्हायला हवी आणि लोकांना ती दिसायला हवी. पहिला ट्रॅक्टर गावाबाहेर पडताना पोलिसांची बोट गल्लीच्या तोंडाशी उभी असली, तर माडीवर थांबायला निघालेला माणूसही ट्रॅक्टरमध्ये बसेल. गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्या तरुणांना लाइफ जॅकेट देऊन पोलिसांबरोबर त्या बोटीत पाळीने बसवावं. स्वतःचं घर डोळ्यांपुढे असलं, की राखण वेगळीच होते. प्रत्येकाने आपल्या बुडत्या माडीवर एकेकटं बसण्याऐवजी चौघांनी गावाच्या उंचवट्यावरून किंवा बोटीतून सगळ्या गल्लीवर नजर ठेवावी. अंधार पडल्यावर नेमलेल्या बोटीखेरीज गावात दुसरी बोट फिरू नये, असा नियम गावानेच करावा. पाणी उतरायला लागल्यावर ही गस्त थांबवायची नाही, उलट वाढवायची. मदतीच्या गाड्यांची वेशीवर नोंद व्हावी. यात मोठा खर्च नाही. जून उजाडायच्या आत बसून ठरवायचं काम आहे.

शिरोळच्या त्या तरुणाला मी विचारलं, की अशी बोट असती तर तू थांबला असतास का? तो म्हणाला, "कशाला थांबतोय? आईनं थांबू दिलं असतं का?"

हा अंक तुमच्या हातात येईल, तेव्हा कृष्णा आणि पंचगंगा पात्रात परतलेल्या असतील. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे, १ मेला आहे. तुमचं गाव नदीकाठी असेल, तर या दोन्हींपैकी एका सभेत उठून उभे राहा आणि विचारा : पूर आला तर आमच्या घरांची राखण कोण करणार? त्या माणसांची नावं आणि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून घ्या. नावं लिहिली जाईपर्यंत खाली बसू नका.